सायगॉनच्या नदीकाठचं कांदळ
(झाडझाडोरा : वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात खाडीकाठच्या कांदळवनावर लिहिलं होतं. ते वाचून आचऱ्याहून एक पत्र आलं आणि या वेळचं सदर त्या पत्राने बदलून टाकलं. एरवी इथे तुडतुडे, काजूवरचा ढेकण्या आणि नारळाची गळ यांबद्दल आपण बोलतो. आज व्हिएतनाम युद्धात वापरलेल्या तणनाशकांबद्दल बोलू. तणनाशकांविषयीची आणखी काही पत्रं माझ्याकडे पडून होती, तीही सोबत घेतली आहेत.

प्रश्न : माझे बाबा मालवाहू बोटीवर खलाशी होते. १९६८-६९च्या सुमारास त्यांची बोट तांदूळ घेऊन सायगॉनला गेली होती. समुद्रातून नदीत शिरल्यावर जे दिसलं ते ते म्हातारपणापर्यंत सांगत. "दोनय काठांक झाडां उभी, पण एकाक पण पान नाय. पक्षी नाय, काय नाय." आम्हाला वाटायचं, आग लागली असेल. मागच्या अंकातला तुमचा लेख वाचला आणि ते आठवलं. बाई, ती झाडं कोणी मारली? आमच्या खाडीत तिवर तोडलं तरी पावसाळ्यात पुन्हा फुटतं. तिथलं का नाही फुटलं?
— एक वाचक, आचरा

उत्तर : दादा, तुमच्या वडिलांनी पाहिलं ते खरं होतं, आणि ती आग नव्हती. ती झाडं औषध फवारून मारली होती.

सायगॉन म्हणजे तेव्हाच्या दक्षिण व्हिएतनामची राजधानी, आजचं हो ची मिन्ह शहर. ते समुद्रकाठी नाही. बोटीला मुखातून आत शिरून बराच वेळ नदीतून वर जावं लागतं. तो मार्ग रुंग सात नावाच्या दलदलीतून जातो. आपल्या खाड्यांसारखीच ती जागा आहे: भरती-ओहोटी, चिखल, फाटे, आणि दोन्ही बाजूंना कांदळ. फक्त आपल्या कुठल्याही खाडीपेक्षा कितीतरी पटींनी मोठी. अमेरिकी सैन्याचा दारूगोळा, इंधन, अन्न याच पाण्यातून वर जायचं आणि कांदळात दडलेले त्यांच्याविरुद्धचे कम्युनिस्ट लढवय्ये बोटींवर मारा करायचे. तेव्हा दडायला जागाच ठेवायची नाही असं ठरलं. विमानं आली आणि काठच्या झाडांवर औषध सोडून गेली. तुमचे वडील त्यानंतर तिथून गेले.

हा प्रकार एका नदीपुरता नव्हता. १९६१च्या ऑगस्टमध्ये कोंतुम भागात पहिली चाचणी झाली. १९६२च्या जानेवारीपासून १९७१च्या जानेवारीपर्यंत 'ऑपरेशन रँच हँड' या नावाने अमेरिकी हवाई दलाने दक्षिण व्हिएतनामवर सात कोटी लिटरांहून जास्त तणनाशक ओतलं. शेजारच्या लाओसवरही फवारलं. सी-१२३ नावाची मालवाहू विमानं त्यासाठी वापरली. एका विमानाच्या टाकीत जवळपास ३,८०० लिटर औषध मावायचं. झाडांच्या शेंड्यांवरून, अगदी खालून उडत ते चारेक मिनिटांत टाकी रिकामी करायचं, आणि खाली साधारण ८० मीटर रुंदीचा, १४ ते १६ किलोमीटर लांबीचा पट्टा भिजायचा. आपण पाठीवरच्या पंपात झाकणभर औषध घालून पंधरा लिटर पाणी ओततो. तिथे पिंपातलं औषध पाणी न मिसळता, हेक्टरी साधारण २८ लिटर, सरळ झाडांवर जात होतं.

पिंपांवर रंगीत पट्टे असत आणि त्या पट्ट्यांवरून औषधांची नावं पडली. नारिंगी पट्ट्याचं ते 'एजंट ऑरेंज'. एकूण फवारणीतला निम्म्याहून जास्त वाटा त्याचा. पांढऱ्या पट्ट्याचंही जंगलांसाठीच होतं. निळ्या पट्ट्याचं 'एजंट ब्लू' मात्र वेगळं. त्यात आर्सेनिक असलेलं आम्ल होतं आणि ते भातावर मारायचं होतं. भात हे गवताच्या कुळातलं, त्यामुळे नारिंगी औषधाला ते बरंचसं दाद देत नाही, म्हणून भातासाठी निराळं औषध आणलं. शत्रूच्या सैनिकांना धान्य मिळू नये हा त्यामागचा हिशोब. पण डोंगरातल्या ज्या शेतांवर ते पडलं ती शेतं तिथे राहणाऱ्या गरीब माणसांची होती. शिपाई उठून दुसरीकडे जातो, कुणब्याला शेत उचलून नेता येत नाही. या सगळ्या हकिगतीत मला सर्वांत जास्त राग या गोष्टीचा येतो. झाडं मारण्यामागे निदान आडोसा काढण्याचं कारण सांगता येत होतं. भात मारण्यामागे माणसांना उपाशी ठेवण्याशिवाय दुसरं काय होतं?

आता तुमचा दुसरा प्रश्न. तो फार नेमका आहे आणि खाडीकाठी वाढलेला माणूसच तो विचारू शकतो.

तुम्ही म्हणता ते तिवर. तिवराच्या जुन्या खोडात झोपलेले डोळे असतात. कोयता चालला तरी खालून धुमारे येतात. आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या गुरांच्या चाऱ्यासाठी, जळणासाठी तिवर तोडलं गेलं आणि तरी ते टिकलं, त्याचं कारण हे. पण ज्याच्या मुळ्या कमानीसारख्या खोडातून खाली उतरतात, त्या कांदळाचं तसं नाही. कांदळाच्या जुन्या लाकडात असे डोळे शिल्लक नसतात. शेंड्याकडची पानं आणि कोंब गेले की झाड गेलं. मी विद्यार्थ्यांना ओहोटीच्या वेळी खाडीत नेत असे, तेव्हा दोन्ही झाडांची तोडलेली खुंटं शेजारी शेजारी दाखवत असे. एक हिरवं फुटलेलं, एक वाळून काळं पडलेलं. रुंग सातमध्ये कांदळाच्याच कुळातलं, तिथे 'दुओक' म्हणतात ते झाड भरपूर होतं. आतल्या डोंगराळ जंगलात एका फवारणीनंतर बरीच झाडं पुन्हा पालवली. कांदळवन एकाच फवारणीत मेलं. दक्षिण व्हिएतनामच्या कांदळवनांपैकी एक-तृतीयांशाहून जास्त असं नष्ट झालं, असा अंदाज अमेरिकेच्याच विज्ञान अकादमीने १९७४ मध्ये दिला.

बी तरी पडून रुजायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि शेंगेसारखं लोंबत वाढतं, हे तुम्ही पाहिलेलं आहे. आई मेली तेव्हा ती लोंबणारी रोपंही मेली. मैलोन्‌मैल एकही जिवंत झाड नसेल तर भरतीने वाहून आणायला बी येणार कुठून? जी थोडी वाहून आली ती उघड्या चिखलात खेकड्यांनी खाल्ली. उरलेलं वाळकं लाकूड लोकांनी सरपणाला नेलं, कारण युद्धाने त्यांच्याकडेही दुसरं काही ठेवलं नव्हतं. रिकाम्या जागेत चिखलातलं नेचं माजलं, आणि एकदा ते माजलं की कांदळाच्या रोपाला उठू देत नाही. पान गेलं, त्यामागून बी, सावली, काठ धरणारी मुळं, आणि मग मासा.

तुमच्या वडिलांनी पक्षी नसल्याचं सांगितलं. झाडाला पान नसेल तर किडा नाही, किडा नसेल तर पक्षी नाही. खलाशाच्या नजरेने त्यांनी एका ओळीत सगळं सांगून ठेवलं होतं. ते कुठेतरी लिहून ठेवा, तारखेसकट. त्या काळात तिथून गेलेल्या कोकणातल्या खलाशांच्या आठवणी आपण कुणीच गोळा केल्या नाहीत.

प्रश्न : बागेत बेणणीला माणूस मिळत नाही. मिळाला तर मजुरी परवडत नाही. म्हणून दोन वर्षं मी कलमांखाली तणनाशक मारतो. मुलाने मोबाईलवर वाचून सांगितलं, की माझ्या खोलीतलं टू-फोर-डी म्हणजे व्हिएतनामवर टाकलेलं विष. घरात भांडण झालं. खरं काय ते सांगा.
— एक आंबा बागायतदार, देवगड तालुका

उत्तर : मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि उरलेलं अर्धं नीट समजून घेण्यासारखं आहे.

एजंट ऑरेंजमध्ये दोन औषधं निम्मी-निम्मी होती: एक टू-फोर-डी, दुसरं टू-फोर-फाइव्ह-टी. तुमच्याकडचं टू-फोर-डी हे त्यातलं पहिलं. दोन्हींचं काम करण्याचं तंत्र एकच. रोपाला वाढ सांगणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक असतं, त्याची ही नक्कल. रुंद पानाच्या झाडाला ते मिळालं की ते बेताल वाढू लागतं, देठ पिळवटतात, पानं वेडीवाकडी होतात, आतल्या नळ्या तुंबतात आणि ते मरतं. गवतवर्गीय पीक त्यातून वाचतं. म्हणून गहू, ऊस, मका यांत ते दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर वापरात आलं. युद्धासाठी निराळं रसायन शोधावं लागलं नाही. शेतीतलंच औषध होतं, पाणी न घालता, विमानातून, न विचारता दुसऱ्याच्या जमिनीवर ओतलं गेलं.

पण व्हिएतनामच्या माणसांना आजवर भोगायला लावलं ते मुख्यतः दुसऱ्या औषधातल्या भेसळीने. टू-फोर-फाइव्ह-टी बनवताना तापमान हाताबाहेर गेलं की त्यात टीसीडीडी नावाचं डायॉक्सिन, म्हणजे एक अत्यंत विषारी रसायन, तयार होतं. ते कुणी मुद्दाम घातलेलं नव्हतं. पण घाईने, मोठ्या प्रमाणात माल काढताना ते वाढत गेलं. कारखान्यांना याची कल्पना नव्हती असं म्हणता येत नाही. १९४९ मध्ये अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या नायट्रो गावच्या कारखान्यात असाच अपघात झाला होता आणि कामगारांच्या अंगावर, चेहऱ्यावर वर्षानुवर्षं न जाणाऱ्या गाठी-पुटकुळ्या उठल्या होत्या. तरी पिंपं भरली गेली. टू-फोर-फाइव्ह-टीने उंदरांच्या पिल्लांत जन्मजात व्यंगं येतात हे १९६९ मध्ये जाहीर झालं, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी एजंट ऑरेंजची फवारणी थांबली.

आपल्या देशात टू-फोर-फाइव्ह-टी नोंदणी नाकारलेल्या औषधांच्या यादीत आहे. तुमच्या खोलीत ते नाही. तेव्हा मुलाला सांगा, की डबा तोच नाही, पण त्याचं कूळ तेच आहे.

म्हणून ते मारावं का? तुमच्या बागेत तरी मारू नये, असं मी म्हणेन. कारण युद्धाचं नाही, तुमच्या जागेचं आहे. आंबा, काजू, कोकम, मिरी, परसातली मिरची, वाल, पडवळ ही सगळी रुंद पानाची. टू-फोर-डी त्यांना तणापासून वेगळं ओळखत नाही. त्यातही ईस्टर प्रकारचं औषध उन्हात वाफ होऊन उडतं. दुपारी खारा वारा सुटला की ती वाफ सड्यावरून थेट शेजाऱ्याच्या कलमांवर. कोवळ्या पालवीची पानं द्रोणासारखी वळलेली दिसली आणि रोग सापडत नसेल, तर आसपास कोणी काय फवारलं ते आधी विचारा. ॲमाइन सॉल्ट प्रकारचं औषध कमी उडतं, पण पालवीवर पडलं तर तेही तेच करतं.

ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाचं म्हणाल तर केंद्र सरकारने २०२२च्या ऑक्टोबरमध्ये अधिसूचना काढून त्याची फवारणी फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच करावी असं म्हटलं आहे. दुकानदार हे सांगत नाही. आणि कुठलंही तणनाशक असो, व्हाळाच्या काठी, विहिरीच्या कठड्याजवळ आणि खाजणाला लागून मारू नका. पहिल्या पावसात ते खाली जातं.

मजुरीची अडचण मला कळते. दोन-तीन बागायतदार मिळून ग्रास कटर घ्या, गणपतीनंतर एकदा आणि मोहोराच्या आधी एकदा गवत कापा आणि ते कलमांच्या बुंध्याशी पसरा. आच्छादनाखाली ओल राहते. उघड्या कातळावरच्या बागेला तिची किती गरज असते ते मी तुम्हाला काय सांगणार.

प्रश्न : बाई, मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. युद्धात तणनाशक वापरणं आज गुन्हा आहे का?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : मी वनस्पतिशास्त्र शिकवलं, कायदा नाही. पण हा भाग मी झाडांसाठी म्हणून वाचला आहे.

१९६१च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी राष्ट्राध्यक्ष केनेडींना कळवलं, की पानं झडवणारी औषधं वापरल्याने आंतरराष्ट्रीय कायदा मोडत नाही, आणि दाखला दिला ब्रिटिशांचा. ब्रिटिशांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मलायात (आजच्या मलेशियात) बंडखोरांविरुद्ध रस्त्याकडेच्या झाडीवर आणि पिकांवर हीच औषधं मारली होती. एकाने केलं आणि कोणी हटकलं नाही, ते दुसऱ्याला आधाराला मिळालं.

विषारी वायूंवर बंदी घालणारा जिनिव्हा करार १९२५चा. त्यात झाडं येतात का यावर वाद होता. १९६९च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला, की माणूस, प्राणी किंवा वनस्पती यांना विषारी ठरणारं कोणतंही रसायन युद्धात वापरणं त्या कराराविरुद्ध आहे. बाजूने ८० मतं पडली, विरोधात तीन: अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि पोर्तुगाल. १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी आदेश काढून युद्धात आपण होऊन तणनाशक वापरण्याचा हक्क सोडला, पण आपल्या तळांच्या कुंपणालगतची झाडी मारण्याची मुभा राखून ठेवली. पर्यावरणात फेरफार करून त्याचा शस्त्र म्हणून वापर करण्यावर १९७७ मध्ये सह्यांसाठी खुला झालेला करार बंदी घालतो. नुकसान विस्तृत, दीर्घकालीन किंवा गंभीर असेल तरच तो लागू होतो. भारत त्यात आहे.

आता तू मुद्दाम वाचावं असं एक. १९९३चा रासायनिक शस्त्रबंदी करार, ज्यात भारतही आहे, त्याच्या प्रास्ताविकात युद्धपद्धती म्हणून तणनाशक वापरण्यावर बंदी असल्याचं मान्य केलेलं आहे. पण पुढे 'विषारी रसायन' कशाला म्हणायचं त्याची व्याख्या येते, तिथे माणूस आणि प्राणी आहेत, वनस्पती नाही. म्हणजे झाड दाराशी उभं केलं आणि घरात घेतलं नाही. मला हे पटत नाही. ज्याच्या अन्नाचं झाड मारलं त्याला मारल्यासारखंच आहे, हे खाडीवर पोट असलेल्या कोणालाही पटवून द्यावं लागत नाही. तू वकील होशील, तेव्हा या व्याख्येवर लिही.

आर्थर गॅल्स्टन या वनस्पतिशास्त्रज्ञाबद्दलही वाच. १९४३च्या सुमारास, विद्यार्थी असताना, त्यांनी सोयाबीन लवकर फुलावं म्हणून एका रसायनावर काम केलं. त्यांच्या लक्षात आलं, की जास्त मात्रेत पानं गळून पडतात. त्यांच्या नकळत ते निरीक्षण लष्करी संशोधकांनी उचललं. पुढे हे कळल्यावर गॅल्स्टन गप्प बसले नाहीत. त्यांनी सहकाऱ्यांना जमवलं, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना पत्र लिहिलं, फवारणी थांबेपर्यंत पाठपुरावा केला, आणि १९७० मध्ये पर्यावरणाच्या संहारावर आंतरराष्ट्रीय बंदी हवी अशी जाहीर मागणी केली. मी वर्गात ऑक्सिन शिकवताना हे नाव फळ्यावर लिहीत असे. परीक्षेला यायचं नाही, तरी लिहीत असे.

प्रश्न : बाई, मी बागेत फवारणीच्या कामाला जाते. गडी पंप मारतात, मी पाणी भरून देते आणि औषध मिसळते. कधी काठी नसली तर हातानेच. वास डोक्यात जातो. टीव्हीवर व्हिएतनामची मुलं दाखवली, हातापायाने अधू. माझी सून पाच महिन्यांची गरोदर आहे, तीही अधूनमधून सोबत येते. आमच्या औषधाने तसं होईल का?
— वेंगुर्ले तालुक्यातून

उत्तर : ताई, आधी हे करा: सुनेला आजपासून फवारणीच्या जागी नेऊ नका. पाणी भरायलाही नाही, औषध लागलेले कपडे धुवायलाही नाही. कारण खाली सांगते, पण कारण वाचायच्या आधी हे ठरवा.

तुम्ही टीव्हीवर पाहिलेलं डायॉक्सिनमुळे झालं असं व्हिएतनाम म्हणतं. तिथली रेड क्रॉस संस्था सुमारे ३० लाख माणसांना त्याची झळ बसल्याचं सांगते. कोणतं व्यंग नक्की कशामुळे आलं यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. पण टीसीडीडी डायॉक्सिनने माणसाला कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९७ मध्ये मान्य केलं. अमेरिका आपल्या माजी सैनिकांना काही कर्करोग, मधुमेह, कंपवात अशा आजारांसाठी याच कारणावरून भरपाई देते. व्हिएतनामी माणसांनी अमेरिकी न्यायालयात कंपन्यांवर दावा केला, तो २००५ मध्ये फेटाळला गेला. ज्यांनी फवारलं त्यांच्या आजाराला कागद मिळाला, ज्यांच्यावर फवारलं गेलं त्यांच्या आजाराला नाही. हा अन्याय आहे आणि तो अजून तसाच आहे.

डायॉक्सिन अंगातल्या चरबीत शिरून बसतं. निम्मं कमी व्हायलाच साधारण सात ते अकरा वर्षं लागतात, आणि आईच्या दुधातून ते बाळाकडे जातं. उघड्यावर, उन्हात ते विरतं, पण तळ्याच्या गाळात दशकानुदशकं राहतं. गाळातून मासा, बदक, आणि त्यांच्यातून माणूस. दा नांगच्या विमानतळावर ही पिंपं साठवत आणि विमानं भरत. युद्ध संपून चार दशकं होत आली तरी तिथली माती इतकी विषारी होती, की २०१२ ते २०१८ या काळात ती खणून, बंदिस्त ढिगाऱ्यात भाजून साफ करावी लागली. बिएन होआच्या तळावर ते काम त्यानंतर सुरू झालं.

तुमच्या पंपातलं औषध ते नाही. त्यामुळे तशीच मुलं होतील अशी भीती मनात धरू नका. पण म्हणून ते निरुपद्रवी आहे असंही नाही. सगळ्यांत जास्त धोका पंप मारणाऱ्याला नसून मिसळणाऱ्याला असतो, कारण डब्यातलं औषध पाणी न घातलेलं, कडक असतं. ते काम बहुतेक ठिकाणी बाईच्या वाट्याला येतं आणि हातमोजे गड्याला मिळतात. मालकाला सांगा, की मिसळणाऱ्यालाही रबरी मोजे आणि तोंडाला कापड हवं. नाही दिले तर मिसळू नका. हाताने ढवळू तर कधीच नका. घरी आल्यावर आधी अंघोळ, मग चूल. ते कपडे वेगळे धुवा. रिकाम्या डब्यातून पाणी, रॉकेल, तेल, काही म्हणजे काही आणू नका, डबा भोसकून टाका. आणि डब्यावर पॅराक्वाट या तणनाशकाचं नाव लिहिलं असेल तर तो हातातच घेऊ नका. ते पोटात गेलं तर त्याला उतारा नाही. कुणाला मळमळ, चक्कर, धाप झाली तर दवाखान्यात जाताना औषधाचा डबा सोबत न्या, डॉक्टरांना नाव कळलं पाहिजे. वाचता येत नसेल तर नातवंडाकडून वाचून घ्या, नाहीतर दुकानदाराला वाचायला लावा. तुमच्या हातात काय दिलंय हे कळण्याचा तुम्हाला हक्क आहे.

प्रश्न : आमच्या शाळेमागे खाडीचा काठ ढासळतो आहे. मुलांना घेऊन कांदळ लावायचं आहे. कधी आणि कसं? मरून गेलेलं कांदळवन माणसाला परत आणता येतं का?
— एक शिक्षक, दाभोळ खाडी

उत्तर : गुरुजी, येतं. आणि त्याचं मोठं उदाहरण तेच रुंग सात आहे, ज्याच्याबद्दल वर लिहिलं. आता त्या भागाला कान झो म्हणतात. १९७८ मध्ये हो ची मिन्ह शहराने तिथे लागवड सुरू केली. जवळपास बी उरलंच नव्हतं, म्हणून दक्षिणेच्या टोकाहून, का माऊमधून, दुओकची रोपं होड्यांत भरून आणली. माणसांनी कमरेएवढ्या चिखलात उभं राहून ती एकेक खोचली. पुढच्या वीसेक वर्षांत सुमारे २० हजार हेक्टर हिरवं झालं. २००० मध्ये युनेस्कोने त्याला जैवमंडळ राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. माकडं, पक्षी, खेकडे परत आले. तरीही ते जुनं रान नाही. बहुतेक एकाच जातीचं, एका वयाचं, ओळीत लावलेलं आहे.

तुम्ही ती गोष्ट ध्यानात ठेवा. एकटं कांदळ लावू नका. काठावर आज काय उगवतं ते आधी पाहा: तिवर कुठे आहे, चिपी कुठे आहे, पाणी कुठवर चढतं. चिपी तर आता राज्याचं कांदळवृक्ष आहे, मुलांना ते सांगा. जिथे ज्याची मुळं आधीपासून आहेत तिथे तेच लावा. कांदळाची लांब शेंगेसारखी रोपं पावसाळ्यात तयार होतात. टोपीखाली पिवळसर कडं दिसू लागलं की रोप पिकलं, हलक्या हाताने ते सुटतं. जे ओढावं लागतं ते कच्चं, सोडून द्या. ओहोटीला जा आणि टोकदार बाजू खाली करून साधारण एक-तृतीयांश भाग चिखलात खोचा. जास्त खोल गेलं तर कुजतं, वर राहिलं तर भरती घेऊन जाते. जिथे बायका तिसऱ्या काढतात ती जागा सोडा, ती त्यांच्या पोटाची जागा आहे. कांदळवन कायद्याने संरक्षित आहे, म्हणून आधी वनखात्याच्या कांदळवन कक्षाला कळवा. ते बहुधा रोपंही देतील आणि माणूसही.

पहिली दोन वर्षं खेकडे आणि गुरं यांच्यामुळे बरीच रोपं जातील. गेलेल्या जागी पुन्हा लावा. मुलांना वहीत नोंद ठेवायला सांगा: कुठलं रोप, कुठल्या महिन्यात, जगलं की गेलं. ती वही पुढच्या इयत्तेच्या मुलांकडे द्या. दिवाळीनंतर मी चिपळूणला येणार आहे, आधी कळवलंत तर ओहोटीची वेळ बघून तुमच्या काठावर येऊन जाईन.